नेपाळपर्यंतचा विमा

"बसा की आक्का. गाडी काय चावती का?"

जालिंदर जीपचं दार धरून उभा होता. नुकतं उजाडत होतं. जीपच्या टपावर सागवानी पाळणा उलटा घालून दोरखंडानं आवळला होता आणि त्यावर जुनी ताडपत्री टाकली होती. मागच्या बाकावर त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई गोजराबाई, दोन्ही पाय वर घेऊन बसल्या होत्या. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मी अंगणात पिशवी घेऊन उभी.

"सहा वर्षं झाली म्हणं, ह्या गाडीत पाय ठेवला न्हाई तुमी," गोजराबाई म्हणाल्या. "आता काय भावानं इमान धाडावं?"

"इमान धाडलं तरी मी येष्टीनंच जाईन."

"मग जावा की. नेपाळची येष्टी इट्याच्या स्टँडवर लागलीया. पळा, जागा धरा."

जालिंदर तोंड फिरवून हसला. आमचे मालक म्हशीच्या दावणीपाशी उभे होते. तेही हसले. मी मुकाट्यानं गाडीत चढले.

जीप माझ्या धाकट्या भावाची, अधिकची; तो गावी नसताना ती जालिंदरकडं असायची. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यानं देशभर पांगलेली आहेत. कुणी मद्रासला, कुणी कलकत्त्याला. अधिक सगळ्यांच्या पुढं गेला, थेट नेपाळात, नारायणघाट नावाच्या गावी. त्याच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले. मग त्याच्या बायकोला, जालिंदरच्या बहिणीला, नंदाला दिवस राहिले. डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नाही, म्हणून बाळंतपण माहेरी न होता तिकडंच झालं.

गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथं मला बोलावणं आलं. फोनवर अधिक रडत होता की हसत होता, ते पहिल्यांदा कळेना.

"आक्का, पोरगी झाली! बाराव्या दिवशी बारसं. नाव तुझ्या तोंडून निघायचं. तू न्हाई आलीस तर पोरगी बिननावाची ऱ्हाईल, पण दुसऱ्या कुणाला मी ठेवू द्यायचो न्हाई."

"येते रे बाबा."

"आणि गाडीनंच ये. जालिंदरला सांगितलंय. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

पाळणा मामानं न्यायचा आणि नाव आत्यानं ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. अधिकला बहीण मी एकटीच. म्हणून पाळण्यासह मामा, लाडवांसह आजी आणि रिकाम्या हातानं मी, असे तिघं आम्ही निघालो. पोरीचा सातवा दिवस होता. बाराव्या दिवशी दुपारी पाळण्यात घालायचं ठरलं होतं.

*

रस्त्यात माझा वेळ पाट्या वाचण्यात जायचा. मी अक्षरं पन्नाशीच्या तोंडावर शिकले, देवळाच्या ओवरीत, साक्षरता वर्गात. तोवर मला वाटायचं, आपण शिकलो ती मराठी अक्षरं, मराठी मुलूख संपला की ती संपणार. नागपूर मागं पडलं, मुलूख बदलला, माणसं हिंदी बोलायला लागली, आणि पाट्या बघते तर तीच अक्षरं! मला इतका आनंद झाला, की मी दिसेल ते मोठ्यानं वाचायला लागले.

"शुद्ध शाकाहारी भोजनालय. टायर पंचर. आगे तीव्र मोड है."

"ह्या बाईला कुणी तरी गप करा," गोजराबाई म्हणाल्या. "चार पाट्या झाल्या की एक लाडू द्यायचा ठरवलं असतं तर डबा रिकामा झाला असता."

"तुमाला येत न्हाई म्हणून जळताय."

"मला कशाला पायजे? तुमी हाय की वाचायला. बरं, ती बारकी पाटी काय म्हणती?"

"इथं लघवी करू नये."

"बघा. ते तर मला पाटी नसताना कळतंय."

आम्ही दोघी विहिणी सोळा वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या चार दिवसांत बोललो. जबलपूरच्या अलीकडं एका झाडाखाली भाकरी खायला थांबलो, तेव्हा त्यांनी खडा टाकलाच.

"एक इचारू? माझ्या जावयाचं काय चुकलं? ह्या गाडीत तुमी सहा वर्षं बसला न्हाई. यात्रेला तो दारात गाडी लावायचा आणि तुमी चालत जायचा. सगळं गाव बघायचं."

मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांनाही नाही. पण परका मुलूख होता आणि ओळखीचं कुणी येत-जात नव्हतं. मी सांगितलं.

गाडी घेतली त्या दिवाळीला भाऊबीजेला अधिक आला. मी ओवाळलं, त्यानं साडी ठेवली. मग पिशवीतनं कागद काढले, सगळे इंग्रजी. शाईची डबी काढली. म्हणाला, "आक्का, इथं, इथं आणि इथं अंगठा दे." मी दिला. कागद कशाचा असं भावाला विचारायचं नसतं. विचारलं म्हणजे संशय घेतल्यासारखं होतं. पण कळायचं ते कळलं. आमच्याकडं भाऊ बहिणीचा अंगठा घेतो तो एकाच कागदावर, हक्कसोडीच्या. वडिलांच्या मळ्यातलं तिचं नाव काढायचं असतं तेव्हा. आणि महिन्याभरात त्याच्या दारात ही जीप आली.

"मला मळा नको हुता वो," मी म्हटलं. "त्यानं तोंडानं मागितला असता तर मी हसत दिला असता. न सांगता घेतला, ते सलतंय. म्हणून तर मी अक्षरं शिकले. म्हटलं, पुन्हा म्हणून कुठल्या कागदावर अंगठा द्यायचा न्हाई. वर्गातल्या बाईंच्या म्होरं शपथच घेतली."

गोजराबाईंनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी तिघा भावांना दिला. एका दिवसात. दुपारी पुरणपोळी केलती."

जालिंदर टायरला लाथ मारून हवा बघत होता. तो आमच्याकडं आला, उभा राहिला.

"आक्का, एक सांगू का?"

"काय?"

"न्हाई, म्हणजे... ते कागदाचं..."

"तू गाडी चालव. बायकांच्या बोलण्यात तोंड घालू नगंस."

तो गेला. एरवी तो गाडी चालवताना शीळ घालायचा. त्या दिवशी नर्मदेचा पूल ओलांडला, तरी त्याची शीळ ऐकू आली नाही.

*

अकराव्या दिवशी दुपारी बाराला आम्ही रक्सौलला पोचलो. हद्दीवर टांगे, रिक्षा, बैलगाड्या, ट्रक, सगळ्यांची एकच गर्दी. गर्दीतनं वाट काढत आम्ही पलीकडच्या फाटकापर्यंत गेलो. ‘भन्सार कार्यालय’ अशी जकातनाक्याची पाटी होती. मी वाचली. परदेशात पाय ठेवायच्या आधी परदेश वाचला, याचा मला कोण अभिमान!

टोपीवाल्या साहेबानं जालिंदरकडून कागद घेतले, एकेक उलटून बघितला आणि एका कागदावर बोट ठेवलं.

"यो त भारतको मात्रै हो."

आम्हाला कळलं नाही असं बघून तो हिंदीत म्हणाला, "ये बीमा सिर्फ भारत का है. इसमें नेपाल कहाँ लिखा है?"

"बीमा तो बीमा है ना साहब," जालिंदर म्हणाला.

"वहाँ से यहाँ तक. यहाँ से आगे कुछ हो गया तो आप भाग जाओगे, भरेगा कौन? लिखवा के लाओ."

मी पुढं झाले. हातानं पाळणा दाखवला, बोटांनी बारा दाखवले, ‘कल’ म्हणून सांगितलं. साहेबाला पाळणा कळला. तो हसला, चांगलं हसला. पण कागद त्यानं परतच दिले. एवढं मात्र सांगितलं की रक्सौलात विमा कंपनीची शाखा आहे, पाच वाजेपर्यंत उघडी असते.

"गाडी हितंच लावू आणि बसनं जाऊ," गोजराबाई म्हणाल्या. "पाळणा टाका बसच्या टपावर."

पलीकडच्या बसवाल्यांचा संप होता. भाड्याच्या गाड्याही त्यांनी अडवल्या होत्या. घरच्या गाड्या तेवढ्या जात होत्या. नारायणघाट तिथनं चार तासांवर.

"जालंदर," गोजराबाईंचा आवाज चढला, "जावईबापूंनी तुला काय सांगितलं न्हवतं का?"

"सांगितलं हुतं."

"काय सांगितलं हुतं?"

"निघायच्या आधी इट्याला जाऊन इम्यात नेपाळ लिहून घे म्हणाले."

"मग?"

"एजंट म्हणला, मालकाची सही आण. मग ऱ्हायलं ते."

"ऱ्हायलं? शेण ऱ्हायलं गोठ्यात! सोळा वर्षांनी माझ्या पोरीची कूस उजवली आणि तुझं ऱ्हायलं?"

जालिंदरचा घाम हनुवटीवरून टपटप गळत होता. मला वाटलं, ऊन लागलंय.

*

शाखा म्हणजे एका कापडदुकानावरचं खोपट होतं. वर पंखा, खाली टेबल, टेबलामागं पांढऱ्या केसांचे ओझासाहेब. त्यांनी आमचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं. बारसं म्हणजे काय ते जालिंदरनं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून आमच्याकडं नीट बघितलं.

"बुआ के बिना नाम नहीं रखा जाएगा?"

"न्हाई रखा जाएगा," मी म्हटलं.

"हमारे यहाँ भी बुआ ही रखती है," ते म्हणाले. "नेपाल जोड़ देंगे. थोड़ा पैसा लगेगा. पॉलिसी सांगली की है, वहाँ फैक्स करना होगा. मालिक की दरख्वास्त चाहिए. मालिक कहाँ हैं?"

"मालक म्हणजे ते तिकडंच हायत," जालिंदर घाईघाईनं म्हणाला. "नेपाल में. मेरे जीजाजी. मैं उनके बदले सही करता हूँ."

ओझासाहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "जीजाजी? यहाँ तो औरत का नाम है." मग ते एकेक शब्द सावकाश वाचत गेले, "मालन... धोंडीराम... साळुंखे. ये कौन हैं?"

मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. माझं नाव मी ऐकलं, पण ते मला उद्देशून होतं असं मला वाटलं नाही. गोजराबाईंनी माझ्या दंडाला धरून हलवलं.

"तुमचं नाव घेतंय त्ये!"

"माझं? माझं कशाला?"

"जालंदर!" गोजराबाई ओरडल्या. खाली कापडदुकानातलं बोलणंसुद्धा थांबलं. "काय हाय ह्ये?"

जालिंदर भिंतीला टेकला. मग सरळ खालीच बसला, टेबलाच्या पायापाशी.

"गाडी आक्कांच्याच नावावर हाय. पहिल्यापासनं."

"कुणी केली?"

"दाजींनी. त्या भाऊबीजेला अंगठा घेतला न्हाई का... ते ह्याचे कागद हुते, आक्का. गाडीचे. दाजी म्हणाले, आक्काला आत्ता सांगितलं तर ती घ्यायची न्हाई. ती गाडीत बसली की मग सांगू, म्हणजे उतरता यायचं न्हाई. आणि तुमी बसलाच न्हाईसा! दर यात्रेला ते गाडी दारात लावायचे ते त्याच्यासाठी. ह्या वक्ताला फोनवर मला म्हणाले, आक्का चढली रं चढली की सांग."

"मग सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं.

"सहा वर्षं गाडी माझ्याकडं हाय. लोक मला गाडीवाला म्हणत्यात. तुमाला कळलं तर तुमी न्हेसाल, असं वाटलं. एजंटानं मालकाची सही मागितली तवा तुमच्याकडं यायला पायजे हुतं. आलो न्हाई. त्या झाडाखाली तुमचं ऐकलं, तवापास्नं मला भाकर गिळंना झालीया." मग तो म्हणाला, "आणि... लगीन ठरताना पोरीच्या बापाला गाडी माझीच म्हणून सांगितलंय."

"तू कुठं सांगितलंस? मीच सांगितलं की," गोजराबाई म्हणाल्या आणि मग तोंडावर पदर धरला.

मला हसू फुटलं. आधी हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांतनं पाणी आलं, आणि मग दोन्ही एकदमच यायला लागलं. सहा वर्षं. सहा यात्रांना भावानं माझ्या दारात माझीच गाडी आणून लावली होती आणि मी नाक उडवून पायी गेले होते. ओझासाहेब घाबरले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"क्या हुआ माताजी? मालन कौन हैं, बताइए तो."

"हम ही मालन है," मी सांगितलं. "गाडी हमारी है. आज ही समझा."

*

अर्ज ओझासाहेबांनी लिहिला. मी त्याखाली सही केली, पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. त्याला जरा वेळ लागला. त्या वेळात ओझासाहेब पेन मागायला घाई करत नव्हते, हे माझ्या आजही लक्षात आहे. कागद फॅक्सच्या यंत्रात घातला. तीन वाजले होते.

चार वाजता उत्तर आलं. ओझासाहेबांनी ते वाचलं आणि कपाळ चोळलं.

"सांगलीवाले बोलते हैं, हमारे पास मालकिन का अंगूठा है. ये दस्तखत किसका है?"

"माझीच सही. मी नंतर शिकले."

"मैं मानता हूँ, माताजी. मगर उनको मिलान करना है. अंगूठा दीजिए, पाँच मिनट का काम है."

त्यांनी शाईची डबी माझ्यापुढं सरकवली. जालिंदरनं मान वर केली. माझी शपथ त्या दोघांनाही ठाऊक होती.

"दुसरं काय चालणार न्हाई का वो साहेब?" गोजराबाईंनी माझ्या वतीनं मराठीतच विचारलं. "बाई लै मानी हाय."

मी डबीकडं बघत होते. वर्गात पहिल्यांदा नाव लिहिलं त्या दिवशी घरी येऊन मी अंगठा साबणानं घासला होता, त्याला काही लागलेलं नसताना. मालक म्हणाले होते, कातडं काढतीस का काय. मला त्या अंगठ्याची लाज वाटायची. त्यानं माझा मळा घालवला, असं मी धरून चालले होते. आणि त्यानं तर काहीच घालवलं नव्हतं. भावानं जे दिलं होतं ते त्या बिचाऱ्यानं घेऊन ठेवलं होतं, मला न सांगता.

"कुठं द्यायचा?" मी विचारलं.

"सही के बगल में."

मी अंगठा शाईत बुडवला आणि माझ्या सहीशेजारी दाबला. जरा जास्तच दाबला. ओझासाहेब म्हणाले, बस बस. कागद पुन्हा यंत्रात गेला. मग आम्ही चौघं त्या यंत्राकडं बघत बसलो, चूल फुंकून आधण येण्याची वाट बघावी तसे. पाचला सहा मिनिटं असताना ते कुरकुरलं आणि त्यातनं मंजुरी बाहेर आली.

ओझासाहेबांनी विम्याला एक नवा कागद जोडला, शिक्का मारला. सगळं इंग्रजीत होतं.

"साहेब," मी म्हटलं, "नेपाळ कुठं लिहिलंय?"

त्यांनी दाखवलं. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेन उघडलं आणि समासात ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नेपाल’.

मी ते गोजराबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता कुठं खरं वाटलं."

पैसे जालिंदरनं भरले. मला भरू दिले नाहीत.

*

फाटकावरच्या टोपीवाल्या साहेबानं समासातला शब्द बघून पुन्हा तसंच चांगलं हसून आम्हाला सोडलं. रात्री वीरगंजच्या धर्मशाळेत झोपलो आणि पहाटे निघालो. मी पुढच्या सीटवर बसले.

"मालकीणबाई, काच खाली करू का?" जालिंदरनं विचारलं.

"कर. आणि सावकाश चालव, गाडी माझी हाय."

"माझी आई मागं बसलीया, तिचं काय न्हाई?"

"तिचा इमा न्हाई काढलेला."

"ऐका! चार दिवस लाडू खाल्ले माझे आणि आता इमा काढती माझा!" गोजराबाई मागनं म्हणाल्या, पण हसून त्यांचा पदर डोक्यावरनं घसरला होता.

जालिंदर जरा वेळानं हळूच म्हणाला, "आक्का, परत गेल्यावर किल्ल्या तुमच्या घरी आणून देतो."

"आणून दे. आणि रोज सकाळी येऊन घेऊन जात जा. मला काय चालवता येती का? सासऱ्याला तेवढं खरं सांग."

तो शीळ घालायला लागला. डोंगर आले, साल वृक्षांचं रान आलं, दोन्ही अंगांना गच्च हिरवं. पाट्यांवर तीच अक्षरं, शब्द मात्र कळत नव्हते. तरी मी वाचत होते.

दहाच्या सुमारास नारायणी नदीच्या काठचं नारायणघाट आलं. अधिक रस्त्यावरच उभा होता, धुतल्या धोतरासारखा पांढरा नवा सदरा घालून. मी कुठल्या दारानं उतरते ते त्यानं बघितलं. मी पुढच्या दारानं उतरले.

"कळलं?" तो म्हणाला.

"कळलं."

"जाल्यानं कुठं सांगितलं?"

मी जालिंदरकडं बघितलं. तो पाळण्याचा दोर सोडत होता, पण हात थांबले होते त्याचे.

"वाटेत," मी म्हटलं. "पण तू मला त्याच दिवशी का सांगितलं न्हाईस रे?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला काय करायचीय गाडी, तुलाच ठेव. मळ्यातलं एक पेंडकं सुदीक तू कधी न्हेलं न्हाईस. माझ्या धंद्याचा जम बसत न्हवता, आक्का. तुझं नाव लावलं आणि बसला. ते नाव काढायचं न्हाई आता."

"आणि मळ्यातलं?"

त्यानं माझ्याकडं न कळून बघितलं. "मळ्यातलं काय? तिथं हायच की तुझं नाव. बापानं लावलेलं. ते कोण काढणार?"

सहा वर्षं मी काय धरून बसले होते ते त्याला ठाऊकच नव्हतं. मी त्याला ते कधीच सांगितलं नाही. गोजराबाईंनीही सांगितलं नाही.

दुपारी बारसं झालं. आमच्या मुलखातली गलाईवाल्यांची चार घरं तिथं होती, त्या बायका आल्या आणि शेजारच्या नेपाळी बायका आल्या. घुगऱ्या शिजल्या होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या. नंदानं पोरगी माझ्या हातात दिली. अधिकचं नाक होतं, आणि रागही त्याचाच. ती मला बघून अशी आठ्या घालून रडली की सगळ्या बायका हसल्या.

मी तिला पाळण्यात ठेवलं आणि नाव सांगायला तिच्या कानापाशी वाकले. आत्या अशी वाकली, की बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. ही गमतीची रीत. नेपाळी बायकांना ती ठाऊक नव्हती. त्या दचकल्या, मग त्याही पुढं झाल्या.

नावाआधी मी तिच्या कानात आणखी एक गोष्ट सांगितली. म्हटलं, "तुझ्या बाला मी सहा वर्षं चोर समजले गं बाई. तू कुणाला सांगू नगंस." आणि मग नाव सांगितलं.

पाठीत पहिला बुक्का बसला. तो गोजराबाईंचा होता, हलका.

"विहीणबाई," मी वाकूनच म्हटलं, "एवढ्यावर भागायचं न्हाई. जोरानं घाला."

"किती घालू?"

"तुमाला ठाऊक हाय."

"मग वर्षाला एक," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या आणि मुठी आवळल्या. दुसरा बसला, तिसरा बसला. बायका खिदळत होत्या. चौथ्याला मी पाळण्याची कड धरली. मला इतकं हलकं वाटत होतं, की कुणी धरलं नसतं तर मी नाचले असते. पाचवा बसला आणि दारातनं अधिक ओरडला, "अगं तिला मारताय काय नुसतं! पोरीचं नाव तर कळू द्या!"

मी सरळ झाले, पदर सावरला आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "नारायणी!"

सहावा बुक्का गोजराबाईंनी त्यानंतर घातला.